रिकाम्या गाडीतली सवारी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच कळलं नाही, त्याची आधीच माफी मागते. जांभूळ गावात, माहेरी, मी चौथीपर्यंत शिकले, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते वाण्याच्या यादीपुरतं. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी माफी मागितल्याशिवाय पहिली ओळ लिहायला हात धजेना, म्हणून मागितली.

मला काट्याबद्दल लिहायचं आहे. ज्याच्यावर आख्खी गाडी चढवून वजन करतात तो काटा. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकाला लागून तो आहे, आणि आठवड्यातून तीनदा आमचा छोटा टेम्पो त्याच्यावर चढतो.

आम्ही राहतो उल्हासनगरला. आमच्या आजूबाजूला जीन्स शिवणारे पुष्कळ कारखाने आहेत, खोलीएवढे, दोन खोल्यांएवढे. कापड बेतल्यावर जे तुकडे उरतात त्याला कतरण म्हणतात. ती आम्ही गोणीच्या भावाने विकत घेतो. मी घरासमोर बसून त्यातल्या चेन, बटणं, रबर काढते. मग आमचे हे गोण्या टेम्पोत भरतात आणि आम्ही दोघं अंबरनाथला जातो. तिथे मशीनवर कतरण पिंजून तिचा कापूस करतात, तो गाद्यांत भरतात. तिथे मात्र भाव किलोचा. हमाल परवडत नाही, म्हणून गोण्या उतरवायला मी बरोबर जाते.

टेम्पो आला तो थोरल्या नणंदेच्या पैशांमुळे. ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा टेम्पोच्या कर्जासाठी बँकेत आधी भरायला पैसे नव्हते. नणंद बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहते, घरून डबे करून देते. पोळी-भाजीसाठी स्वतःचा एक गाळा घ्यायचा म्हणून तिने पैसे साठवले होते. ते तिने उचलून ह्यांच्या हातात ठेवले आणि गाळा सोडून दिला. आम्ही थोडे थोडे फेडत होतो. अर्धे फिटले आणि मग गाडं अडलं. बँकेचा हप्ता, डिझेल, घरभाडं यांतून काही उरेचना. हे म्हणायचे, "माल तर भरपूर जातो, मग पैसा मुरतो कुठे?" मलाही ते कळत नव्हतं.

नणंदेने एकदाही मागितले नाहीत. त्याचंच मला ओझं वाटायचं. तिच्याकडे गेलं की मी स्वयंपाकघरातच राहायची. भांडी घासून टाकायची, कणीक मळून द्यायची, नजर वर करायची नाही. मग एक दिवस तिचा फोन आला, "अगं, तोच गाळा पुन्हा रिकामा झालाय. मालक महिनाभर थांबतो म्हणाला. बघू या," आणि ती हसून दुसरंच बोलायला लागली. त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. हा गाळा तिच्या हातून दुसऱ्यांदा गेला तर तो आमच्यामुळे जाणार होता.

आता काट्याकडे येते.

आधी तिथे दांडीचा काटा होता. जमिनीत खड्डा, वर लोखंडी पाट, आणि वजन दिसायचं ते बाजूच्या खोलीत. खोलीत काटेवाले काका. ते दांडीवरचं माप बोटाने हळूहळू सरकवायचे, दांडी अधांतरी थांबेपर्यंत श्वास धरून बसायचे, मग चिठ्ठीवर आकडा लिहायचे. वाऱ्याने दांडी हलली की पुन्हा पहिल्यापासून. बाहेर ट्रकवाले हॉर्न मारायचे, काका खिडकीतून ओरडायचे, "अरे, मी काय इथे भजी तळतोय?" पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरायचं, ते बादल्यांनी उपसेपर्यंत गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. चिठ्ठी ओली झाली की सातचा एक व्हायचा आणि भांडण जुंपायचं. काका माणूस सरळ होते. पण खोलीत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसायचं नाही, म्हणून सगळ्यांना संशय.

मग वर्षभरापूर्वी शेठनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, नवा काटा बसवला. खड्डा गेला, दोन्ही बाजूंनी उतार असलेला उंच ओटा आला. त्याच्या पोटात वजन ओळखणारे कसले तरी खांब आहेत असं हे सांगतात. काकांना कॉम्प्युटर मिळाला, दोन कॅमेरे मिळाले आणि एक माइक मिळाला. आणि बाहेर, भिंतीवर उंच, लाल दिव्यांचे आकडे.

त्या आकड्यांनी मला किती आनंद झाला ते कोणाला सांगितलं तर हसतील. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, पण आकडे येतात. गाडी चढली की ते भराभरा पळायचे, मग दमल्यासारखे थांबायचे. ट्रकवालेही मान वर करून बघायचे. काका काय लिहितात याची चौकशी बंद झाली, कारण काका जे बघत होते तेच सगळे बघत होते. चिठ्ठी छापून यायची, ह्यांच्या फोनवर मेसेजही यायचा. हॉर्न कमी झाले. भांडायला काही कारण उरलं नाही म्हणून एक म्हातारा ट्रकवाला चक्क कंटाळला. म्हणाला, "काका, आता तुमच्याशी बोलायचं तरी काय?"

फक्त त्या माइकची मला भीती वाटायची. काकांना तो फार आवडला होता. "पाण्याचा टँकर, जरा पुढे. अजून. अजून. अरे बाबा, घरी नाही जायचं, काट्यावर जायचंय."

आमची पद्धत ठरलेली. भरलेली गाडी फाटकात आली की वॉचमन ओरडायचा, "सवारी नीचे!" माल विकणाऱ्याची माणसं गाडीत बसून राहिली तर वजन वाढतं, म्हणून तिथे सगळे डोळ्यात तेल घालून बघतात. मी उतरायची आणि भिंतीच्या कडेने चालत शेडमध्ये जायची. हे एकटे गाडी काट्यावर घ्यायचे. मग आम्ही गोण्या उतरवायचो, आणि जाताना रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. भरलेल्यातून रिकामी वजा केली की मालाचं वजन. रिकाम्या गाडीला कोणी काही ओरडत नाही. मी अंगभर कतरणीची धूळ घेऊन, पदर तोंडावर ओढून सीटवर बसलेली असायची. रांगेत सगळे पुरुष. त्यांच्यापुढे चढ-उतर करायला कोणी सांगत नाही हे बरंच होतं.

एके दिवशी डबा शेडमध्ये राहिला. टेम्पो काट्यावर चढला तेव्हा मला आठवलं. हे म्हणाले, "जा, घेऊन ये पटकन." मी उतरले, धावत गेले, डबा घेऊन आले आणि सवयीने आकड्यांकडे बघितलं. मघाशी मी गाडीत असताना शेवटचे आकडे वेगळे होते असं वाटलं. मी चढले. आकडा वाढला. मी पुन्हा उतरले. आकडा उतरला. पन्नासने. मी पुन्हा चढले.

"काय गं, झोपाळा आहे का हा?" हे म्हणाले.

मी बोलणार तेवढ्यात भिंतीवरून काकांचा आवाज आला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा. "कतरणवाल्या वहिनी, एक तर बसा नाही तर उतरा. आकडा बिचारा गोंधळलाय."

मागचे ट्रकवाले हसले. एकाने शिट्टी घातली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी गपकन बसले, दार ओढून घेतलं आणि चिठ्ठी छापून आली. म्हणजे कळल्यावरसुद्धा त्या दिवशी मी बसूनच गेले.

वाटेत मी ह्यांना सांगितलं. धीर गोळा होईपर्यंत विठ्ठलवाडी आली.

"अहो, मी बसले की गाडी जड होते."

"मग? हलकी होईल काय?"

"तसं नाही. भरलेल्या गाडीत मी नसते. रिकाम्या गाडीत असते."

"तुझं वजन ते केवढं? मागे गाय चढवली तरी टेम्पोला कळत नाही. तू उगाच डोकं शिणवू नकोस."

रात्री भाकरी थापताना पुन्हा पुन्हा तेच डोक्यात. माल उतरला, तो शेठकडे गेला. पण त्यातून माझ्याएवढा माल दर वेळी कमी धरला गेला. मी टेम्पोचा एक भाग झाले होते, स्टेपनीसारखा.

पुढच्या खेपेला गोण्या उतरवून झाल्या आणि हे गाडी सुरू करून माझी वाट बघत बसले. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी चालत येते." ह्यांना वाटलं मला परवाची लाज वाटते. मी भिंतीशी उभी राहिले. टेम्पो काट्यावर चढला. आकडे पळाले, थांबले, आणि खोलीतून टूं टूं असा आवाज यायला लागला. नव्या काट्याला प्रत्येक गाडीचं रिकामं वजन आठवतं. आमच्या गाडीचं वजन एकदम पन्नास किलोने कमी भरलं म्हणून त्याने आरडाओरडा केला.

माइक खरखरला. "कतरण टेम्पो, गाडी बंद करा. आत या."

हे आत गेले. वॉचमन काठी घेऊन टेम्पोच्या खाली वाकून बघायला लागला. खोलीच्या दारातून काकांचा आवाज येत होता, आता माइकशिवाय. "स्टेपनी विकलीत का? का माल जास्त भरावा म्हणून मधल्या वेळात गाडीतलं काही काढून ठेवलंत? खरं सांगा. इतकी वर्षं ओळखतो म्हणून विचारतो."

"काका, आईशप्पथ, मला काही माहीत नाही."

"कॉम्प्युटर उगाच नाही ओरडत. शेठना सांगावं लागेल."

ह्यांचा चेहरा उतरला होता. शेठनी आमचा माल बंद केला तर टेम्पो दारात उभा राहणार, हे मला तिथेच दिसलं, आणि त्याच्यामागे नणंदेच्या गाळ्याचं बंद शटरसुद्धा. मी दारापर्यंत कशी गेले ते आठवत नाही. त्या खोलीत मी कधी पाय ठेवला नव्हता.

"मी उतरले," मी म्हटलं.

"काय?" काकांनी चष्मा वर केला.

"मी गाडीत नव्हते. रोज असते. आज उतरले."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग कॉम्प्युटरकडे. मग पुन्हा माझ्याकडे, वरपासून खालपर्यंत, एखाद्या गोणीकडे बघावं तसं. "थांबा," म्हणाले. "याला फोटो निघतात."

त्यांनी दोन बोटांनी टकटक करून मागच्या खेपा काढल्या. प्रत्येक खेपेला दोन फोटो. भरलेल्या गाडीचा फोटो: पुढे हे एकटे. रिकाम्या गाडीचा फोटो: ह्यांच्या बाजूला मी. पुढची खेप: हे एकटे, मग मी. निळ्या साडीतली मी. हिरव्या साडीतली मी. पदर तोंडावर घेतलेली मी, जांभई देणारी मी, पेरू खाणारी मी. माझ्या लग्नातसुद्धा माझे एवढे फोटो निघाले नव्हते. मी लाजून कोपऱ्यात सरकत होते आणि बघायचंही सोडवत नव्हतं.

"अहो, ही तर प्रत्येक फोटोत आहे!" हे म्हणाले.

"म्हणजे हे टेम्पोचं वजन नव्हतंच," काका म्हणाले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "टेम्पो आणि वहिनी मिळून होतं ते. अरे देवा. आणि मी चोर समजलो." मग ते एकदम ताठ झाले. "पण एक सांगतो, माझी जुनी दांडी कधी खोटं बोलली नाही हां."

ते खरंच होतं. जुना काटाही बरोबर होता आणि नवाही बरोबर. दोघांनी जे गाडीत होतं तेच मोजलं. जुन्याने ते काकांना एकट्यांना सांगितलं, नव्याने सगळ्यांना दाखवलं, एवढाच फरक. पण त्या एवढ्याशा फरकामुळे मी भिंतीवरचे आकडे बघत, उतरून-चढून खात्री करू शकले.

शेठ आले. उल्हासनगरचे सिंधी, मराठी-हिंदी मिसळून बोलणारे. काकांनी सगळं सांगितलं. शेठनी सगळे फोटो शांतपणे बघितले. पेरूवाल्या फोटोला थांबले, जवळ जाऊन बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "आपका वजन मैंने खरीदा नहीं. तुम्ही विकलंही नाही. तो फिर वो गया किधर?"

मीच हळू म्हटलं, "कापसात."

शेठ मोठ्याने हसले. त्यांचं पोट हललं, मग काका हसले, मग वॉचमन हसला, त्याला काय झालं ते कळलंही नव्हतं. शेठ म्हणाले, "बरोबर. माल तर माझ्याकडे आला. फुकटका माल मुझे नहीं चाहिए, पचत नाही. काका, जेवढ्या फोटोत बाई बसलीय तेवढ्यांचा हिसाब काढा."

"आणि जुन्या काट्याच्या खेपा, शेठ?" ह्यांनी विचारलं.

"उसका फोटो है? नहीं है. मग तो हिसाब देवाकडे."

हे आणखी बोलणार होते. मी मागून त्यांचा शर्ट ओढला.

हिशेब करताना गंमत झाली. तो काटा दहा-दहानेच मोजतो, त्यामुळे माझं वजन कधी पन्नास दिसायचं, कधी साठ. शेठ म्हणाले, "एक आकडा ठरवा." हे म्हणाले, "साठ धरा, शेठ, साठ. गणपतीत मोदक खाते ती." मी रागाने बघितलं. शेवटी काकांनी मला मोठ्या काट्यावरून नेऊन शेडमधल्या गोण्यांच्या छोट्या काट्यावर उभं केलं. सगळी शेड भोवती. आकडे थांबले आणि काकांनी ते खणखणीत आवाजात वाचले. मी इथे लिहीत नाही. शेडमधल्या सगळ्यांना माहीत आहे तेवढं पुरे.

दोन दिवसांनी पैसे मिळाले. ते बघून ह्यांना मागच्या टायरची आठवण झाली. "थोडे टायरला ठेवू या, बाकीचे ताईला देऊ," म्हणाले. मी कधी ह्यांना नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी म्हटलं, "हे पैसे माझ्या वजनाचे आहेत. कुठे द्यायचे ते मी ठरवणार." ह्यांनी दारातून टायरकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "द्या बाई द्या. टायर अजून चालेल."

घरात होते ते त्यात मिळवले आणि मी एकटी बदलापूरला गेले. हे खेपेला गेले होते. नणंद पोळ्या लाटत होती. मला एकटीला दारात बघून तिने लाटणं खाली ठेवलं.

"काय गो, एकटीच? माझ्या भावाला कुठे टाकून आलीस?"

मी सांगायला लागले. मला एवढं सलग बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं. माइकचं सांगितलं, स्टेपनीचं सांगितलं, पेरूचं सांगितलं. ती पिठाचे हात तोंडावर घेऊन हसत होती, तव्यावरची पोळी करपली.

"म्हणजे माझ्या भावाने बायको किलोवर विकली?"

"विकली नाही हो ताई, फुकट वाटली. बायको आहे तिथे आहे, आता पैसे आले."

"आणि वजन किती भरलं ते तर सांग."

"ते नाही सांगणार."

"मग मी काट्यावर फोन करते. काटेवाला सांगेल."

"तो माइकवरून सांगेल, ताई!"

दोघी पुन्हा हसलो. किती तरी महिन्यांनी मी तिच्याकडे सरळ बघत होते. तिच्या कपाळावर पिठाचा पट्टा उमटला होता. मी पिशवीतून पैसे काढून तिच्यापुढे ठेवले. तिचं हसू थांबलं.

"एवढे कशाला गं? तुमच्या हातात राहू देत थोडे."

"गाळ्याचा मालक महिनाच थांबणार आहे ना?"

ती हात धुऊन आली, पदराला पुसले, गॅस बंद केला. मग जमिनीवर मांडी घालून तिने नोटा मोजल्या. माझ्यासमोर, सावकाश, थुंकी लावून. मी मागची फेड आणि ही फेड बोटांवर मिळवत होते. ती थांबली, पुन्हा मोजल्या. मला वाटलं, कमी पडले.

"एक नोट जास्त आहे," ती म्हणाली. ती तिने माझ्या हातात परत ठेवली, वरून माझी मूठ मिटवली. "आता बरोबर. सगळे फिटले."